दोनदा थोपटलंस तेव्हा

अण्णा, त्या रविवारी तू माझ्या पाठीवर दोनदा थोपटलंस आणि मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या बसची वाट बघता बघता तू आनेकलच्या स्टॉपवर खाली बसलास तो परत उठलाच नाहीस. याला आज सतरा दिवस झाले. हे पहिलं वाक्य मी सतरा दिवस बरोबर घेऊन फिरतेय. ऑफिसात, सिग्नलला, भाजी निवडताना, दात घासताना. एका माणसाला सोडून ते कुणाला सांगितलेलं नाही.

किरणला तुझ्यावर दोनशे शब्द हवेत. शनिवारी प्रयोग आहे, पत्रकावर तुझा फोटो येणार आणि खाली परिचय. गाव कुठलं, कुस्ती किती वर्षं केली, नाटकाकडे कसा वळला, असं. त्याचं काही चुकत नाही. आपल्या तिघांत दिवे, ढोल आणि कागदपत्रं हे त्याचंच खातं. पण मी 'मारुती अण्णा हे मूळचे निपाणीजवळचे' इथपर्यंत लिहिते आणि चिडते. 'हे मूळचे' काय! तुला कुणी असं म्हटलं असतं तर तू मागे वळून बघितलं असतंस, आणखी कोण आलंय म्हणून. ते दोनशे शब्द किरणच लिहील. मला तुझ्याशी बोलायचंय. खरं सांगायचं तर भांडायचंय.

पहिल्या दिवशी तू मला काय म्हणालास, आठवतं? कोरमंगलातला तो पीजीवरचा पत्र्याचा हॉल, सकाळी आठलाच तापलेला. मी मारतहळ्ळीहून स्कूटरवर पाऊण तास धूर खाऊन आले होते. शब्दांवाचून, नुसत्या अंगाने करायच्या नाटकाची कार्यशाळा आहे, एवढंच कळलं होतं. मला वाटलं योगासनांसारखं काहीतरी असेल. जोड्या लागल्या, मी उरले आणि तू उरलास. तू समोर येऊन पाय रोवलेस, दोन्ही हात पुढे केलेस आणि म्हणालास, "हां मॅडम, या अंगावर." मी चप्पल घालून निघणारच होते. तुझा चेहरा मात्र इतका साधा, की जणू पाहुण्याला पाट मांडून दिलाय आणि तो बसत का नाही हेच तुला कळेना.

तेव्हा या शहरात येऊन मला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत मला रोज हात लावणारी एकच व्यक्ती होती, टेक पार्कच्या गेटवर तपासणी करणारी बाई. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू हसला असतास आणि मग दिवसभर त्याचाच विचार करत बसला असतास.

तू मला आधी पडायला शिकवलंस. महिनाभर दुसरं काही नाही. आधी खांदा, मग पाठ, मान आत. माझी कुरकुर चालूच. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पगार घेणारी बाई, मला कुठे पडायचंय? तुझं ठरलेलं उत्तर होतं, "पडायची भीती गेली की माणूस नीट भांडतो." दिवाळीत पुण्याला गेले तेव्हा बाबांना खुर्चीतून उठवायला आई शेजाऱ्यांना हाक मारत होती. मी बाबांच्या कमरेत हात घातला, गुडघे वाकवले, त्यांचं वजन माझ्यावर घेतलं आणि त्यांना उभं केलं. मोठी झाल्यावर बाबांना मी पहिल्यांदाच मिठीत घेतलं होतं, तेही उठवायच्या निमित्ताने. "कुठं शिकलीस?" त्यांनी विचारलं. "ऑफिसात," मी म्हणाले. तुझं नाव घ्यायला हवं होतं. तुला येऊन सांगायला तरी हवं होतं. तेही केलं नाही, कारण दिवाळीहून परतल्यावरच्या पहिल्याच रविवारी आपलं दुसऱ्याच गोष्टीवरून वाजलं होतं.

आपलं नेहमीच वाजायचं. तुझ्या एका वाक्यातून आपलं नाटक निघालं आणि तेव्हापासून दोन वर्षं आपण त्या नाटकावरून भांडत राहिलो. तू सांगत होतास, तालमीत कुस्तीला उभं राहताना समोरच्याच्या अंगाला आपण माती लावायची आणि त्याने आपल्या. घामाने हात निसटू नये म्हणून. मी म्हटलं, "म्हणजे मला कसं पकडायचं याची सोय मीच त्याला करून द्यायची?" तू म्हणालास, "मग? दोघांनीबी एकमेकाला धरता आलं पायजे की. निसटून निसटून जिंकला तर ती काय कुस्ती झाली?" किरण ढोलाच्या दोऱ्या आवळत बसला होता, तो थांबला. मी वही काढली. माणसं भांडतात कशी आणि परत एकत्र येतात कशी, यावर चाळीस मिनिटं, दोन माणसं, एकही शब्द नाही. नावही तुझ्याच तालमीतलं, 'खडाखडी'. डाव पडायच्या आधी दोन पैलवान नुसते हात अडकवून एकमेकांचा अंदाज घेतात, ती.

दर रविवारी प्रत्येकाने आठवड्यात बघितलेलं एक भांडण आणायचं आणि न बोलता करून दाखवायचं, अशी आपली पद्धत पडली. तू आनेकलच्या बसमधलं खिडकीवरून झालेलं भांडण आणलंस. दोघी बायका, कंडक्टर आणि एक कोंबडी, सगळं तू एकट्याने केलंस. मी आणलं ते माझ्या ऑफिसातलं. दोन माणसं पाठीला पाठ लावून बसलेली, एकमेकांना ईमेल लिहितायत, आवाज नाही, फक्त बोटं. "हे कसलं भांडण? हातबी लागंना," म्हणालास. तुला खरोखर वाईट वाटलं होतं.

पुढे आपल्याला जे सापडलं ते तुझ्याशिवाय मला जन्मात सापडलं नसतं. भांडणातली मनगटाची पकड आणि समेटातली मनगटाची पकड एकच असते. कुठेही बोट वेगळं नसतं. "वजन कुठं टाकतीस तेवढाच फरक," तू म्हणालास. "त्याच्यावर टाकलंस तर भांडण. त्याचं आपल्यावर घेतलंस तर मिटलं." तीन तास आपण तेवढंच करत होतो. खाली उतरलो तेव्हा मला कॉफीचा पेला धरवत नव्हता. एका कॉफीचे दोन वाटे करून मागवलेल्या बाय-टूमधला माझा अर्धा भागही तूच प्यायलास, वर म्हणालास, "स्वल्प साखर कमी हाय."

आता खुणेकडे येते. टाळत होते ते हेच.

आपल्यात नियम एकच होता आणि तो तू घातलेला. सरावात बोलायचं नाही, तेव्हा कुणाला लागलं, दम लागला, नको झालं, तर समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं. थोपटलं की जागच्या जागी थांबायचं. कारण विचारायचं नाही. मी ऊठसूट थोपटायचे. तू दोन वर्षांत तीनदा. एकदा पोटरीत गोळा आला म्हणून, एकदा पत्र्यावरून पाल पडली म्हणून आणि एकदा घरून शोभावहिनींचा फोन आला म्हणून.

आणि मग मला ते सुचलं. नाटकाच्या मध्यावर काहीतरी कमी पडत होतं आणि सिल्क बोर्डच्या सिग्नलला उभी असताना माझ्या डोक्यात आलं, की ही खूणच नाटकात घ्यायची. सुरुवातीला तीन वेळा दाखवायचं, एकाने थोपटलं की दुसरा थांबतो. प्रेक्षक शिकतात. चौथ्यांदा पुरुष थोपटतो आणि बाई थांबत नाही. ती रेटतच राहते, त्याचा गुडघा जमिनीला टेकेपर्यंत. मी हॉलवर आले ती धावतच. तुला सांगितलं आणि तुझा चेहरा उतरला.

"खुणेची चेष्टा करू नये," तू म्हणालास.

"चेष्टा कुठे आहे, अण्णा? हाच तर विषय आहे. माणसं एकमेकांचं 'पुरे' ऐकत नाहीत."

"ते लोकांचं. आपलं न्हवं."

"आपण लोकांचंच करतोय ना?"

"लोकांचं करायला आपलं मोडायचं व्हय?"

मी तुला जुन्या वळणाचा म्हणाले. तालमीतून बाहेर ये, म्हणाले. तू गप्प झालास. तुझं गप्प होणं मला नेहमी होकार वाटायचं, कारण मला घाई असायची. शेवटी तू टॉवेल खांद्यावर टाकलास आणि म्हणालास, "सरी, बरं. पण मग आपल्याला दुसरी खूण पायजे." मी म्हणाले, "पुढच्या रविवारी ठरवू." पुढच्या रविवारी तो मधला भाग असा काही जमून आला की दुसरं काही काढावंसं वाटेना. किरण म्हणाला शिट्टी ठेवा. मी हसले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच झालं. जुनी खूण आपण नाटकात घेऊन टाकली होती आणि नवी ठरवलीच नव्हती. मी ठरवू दिली नव्हती.

त्या रविवारी तू काहीच वेगळा नव्हतास. उशीर नाही, खोकला नाही, चेहरा पांढरा नाही. मी सगळं आठवून बघितलंय. किरण कॉफी आणायला खाली गेला होता, माझा फोन रेकॉर्डिंगला लावून. आपण मधला भाग सुरू केला. मी तीनदा रेटायचं आणि तिसऱ्या रेट्यानंतर तू थोपटायचं, असं बसवलेलं. तू दुसऱ्यानंतर थोपटलंस.

मला राग आला, अण्णा. खरं सांगते, मला पहिल्यांदा राग आला, की हा मोजणीत परत चुकला. तू चुकायचासच. ढोलाशिवाय तुला कधी आकडे धड लागले नाहीत. मी मनात म्हटलं, आता हा चुकलाय तर सावरून घेते, आणि तिसरा रेटा जास्त जोरात दिला. मग चौथा, पाचवा. तुझा गुडघा टेकला. तू खाली, मी वर, आपण दोघं धापा टाकतोय. मी उठले आणि तुला म्हणाले, "एक आधी थोपटलंस."

तू तोंड पुसलंस. "हां," म्हणालास. "चुकलं."

एवढंच. नंतर पाणी प्यायलास, किरणने आणलेली कॉफी घेतलीस, कोंबडीची नक्कल परत करून दाखवलीस आणि बस पकडायला गेलास. जिन्यावरून हात केलास. मी बघितलं नाही, मी फोनवर रेकॉर्डिंग चालवून बघत होते.

ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. मी ते किती वेळा बघितलं ते सांगत नाही. फोन माझ्या पाठीमागे लावलेला होता. त्यात माझी पाठ दिसते, माझा खांदा दिसतो, आणि खांद्यावरून येऊन पाठीवर पडणारा तुझा पंजा. दोनदा. जोरात नाही, हळू नाही. तुझा चेहरा माझ्या खांद्याआड आहे. मी फोन तिरका करून बघते, जसं काही तिरका केला की मला खांद्याच्या पलीकडचं दिसेल.

माझी चुलतबहीण नागपूरला डॉक्टर आहे. तिला मी पाच वेगवेगळ्या प्रकारे तेच विचारलं. सेहेचाळीस वर्षांचा, व्यायाम करणारा माणूस. आदल्या दिवशी श्रम झाले तर? छातीवर वजन आलं तर? ती म्हणाली, हृदयाच्या शिरा आतून कधीच्या बंद होत आलेल्या असतात, कधीही झालं असतं. मी म्हटलं, पण आधी कळलं असतं तर? ती म्हणाली, कळलं असतं तर गोष्ट वेगळी, आणि मग तिने विचारलं, "तू बरी आहेस ना?" मी फोन ठेवला. तू असतास तर म्हणाला असतास, इतकं काय खरवडत बसतीस. पण मला सांग, तू नुसता मोजणीत चुकला होतास का? की तुला खरंच थांबायचं होतं, आणि मी चूक काढल्यावर तू सवयीप्रमाणे 'चुकलं' म्हणून मोकळा झालास? तू तसाच होतास. रिक्षावाल्याने तुझ्या पायावर चाक घातलं तरी आधी तूच 'सॉरी' म्हणायचास. हा तुझा स्वभाव मला कधीच आवडला नाही आणि आता तर त्याच्यावर माझा फार राग आहे.

परवाच्या रविवारी मी हॉलवर गेले नाही, आनेकलला गेले. तुझ्या घराच्या आत पहिल्यांदाच. अंत्यदर्शनाला आले होते, पण तेव्हा दारातूनच परत फिरले. शोभावहिनी मशीनवर ब्लाउज शिवत बसल्या होत्या. गारमेंटचं काम आठवडाभर आणि रविवारी हे. त्यांनी मला ओळखलं. "बसा," म्हणाल्या आणि शिवण चालू ठेवली. मी दारातून आत येतानाच बोलायला सुरुवात केली होती, नाहीतर परत बोलणं झालं नसतं. सगळं सांगितलं. खूण, नाटक, मोजणी, तिसरा रेटा. मध्येच कधीतरी मशीनचा आवाज थांबला.

"तुम्हाला वाटलं नाटकातलं हाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि नाटकात का थांबत न्हाई तुम्ही?"

अण्णा, दोन वर्षांत हा प्रश्न आपण एकमेकांना इतक्या तोंडांनी विचारला होता. माणसं थांबत नाहीत म्हणून, असं काहीतरी पुटपुटले. वहिनी उठल्या. "दाखवा," म्हणाल्या. मी त्यांना उभं केलं, त्यांचा हात माझ्या खांद्यावरून घेतला, त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"असं?"

"असंच."

"असं तर मी पोरीला थोपटून झोपवायची." त्या परत स्टुलावर बसल्या. "मला कधी न्हेलं न्हाई त्यांनी. म्हणायचे, त्यात बोलणं न्हाई, तुला कंटाळा येईल. घरात तरी कुठं बोलणं होतं? मला कंटाळा आला न्हाई कधी."

त्या रडल्या नाहीत. मी रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं, पाणीबिणी काही विचारलं नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. "डॉक्टरनं सांगितलंय मला सगळं. तुमच्यामुळं गेले असं मी म्हणणार न्हाई. पण तुमच्यामुळं न्हाई, असंबी मी तुम्हाला सांगणार न्हाई, ताई. मला ठावंच न्हाई तर कुठनं सांगू?"

मी तिथे काय ऐकायला गेले होते ते मला त्या क्षणी कळलं, आणि ते मिळणार नाही हेही कळलं. तरी मला त्यांचा राग आला नाही. सतरा दिवसांत माझ्याशी खरं बोललेलं ते एकच माणूस.

मी म्हणाले, मी तो भाग काढून टाकते. तुझ्या जागी किरण उभा राहतोय, ढोल रेकॉर्डवर. त्याला तुझं निम्मंच आलंय आणि त्याचं वजनही तुझ्या निम्मंच आहे, तो भाग नसला तर त्यालाही बरंच पडेल. किंवा प्रयोगच रद्द करते, म्हणाले. वहिनींनी दोरा तोडला.

"काढू नका. रद्दबी करू नका. दोन वर्षं दर रविवारी माणूस घरातनं गेलाय त्याच्यासाठी. मी येणार बघायला."

"या ना, वहिनी."

"पण ऐका. ते तीनदा दाखवतासा न्हवं, थोपटलं की थांबायचं? ते मला कळंल. आणि चौथ्यांदा त्या पोरानं थोपटलं आणि तुम्ही थांबला न्हाई, तर मी उठून वर येणार. नाटक हाय का काय हाय, मी बघणार न्हाई. लोकं बसलीत, तेबी बघणार न्हाई. येणार आणि तुम्हाला धरून बाजूला करणार."

त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांचे दंड बघितलेस ना तू? तू मला 'घरात खरी पैलवान ती' म्हणाला होतास ते मला उगाचच कौतुक वाटलं होतं.

मी किरणला यातलं काही सांगितलेलं नाही. तो घाबरेल, आणि घाबरून आधीच थोपटेल. शनिवारी मधला भाग जसा बसवलाय तसाच होणार आहे. तीन रेटे, मग थोपटणं, मग चौथा रेटा. तू म्हणशील, ही बाई अजूनही ऐकत नाही. नाही ऐकत, अण्णा. माझ्यात स्वतःहून थांबायचं बळ असतं तर मी त्या रविवारीच थांबले असते.

काल संध्याकाळी मी हॉल बघून आले. पहिल्या रांगेतली उजवीकडची कडेची खुर्ची मी वहिनींसाठी ठेवली आहे. मध्यभागी जास्त चांगलं दिसतं, पण कडेच्या खुर्चीपासून स्टेजच्या पायऱ्या चार पावलांवर आहेत आणि मध्ये काही अडथळा नाही.